खिडकीतून घेतलेली नाडी

आदरणीय अध्यक्ष भगवंतराव, व्यासपीठावरचे डॉक्टरसाहेब, गावातली प्रतिष्ठित मंडळी, माझ्या सिस्टर भगिनींनो, आणि माझ्या हातात सुई दिसली की ज्यांनी डोळे गच्च मिटले ते तुम्ही सगळे, सर्वांना माझा नमस्कार.

अध्यक्षांनी आत्ता मला 'निर्भय' म्हटलं. त्यांचा मान राखून सांगते, ते खरं नाही. तीस वर्षांच्या नोकरीत मी जेवढी भ्याले, तेवढं या मांडवात कोणी भ्यालं नसेल. निरोपाच्या दिवशी गोड बोलावं अशी रीत आहे. पण एक गोष्ट घशात अडकून बसली आहे, ती सांगूनच जाते.

बासष्ट साली फाल्गुनात देवीची साथ आली. आपल्या दवाखान्याच्या मागच्या आवारातल्या खोलीत दोन बाया वेगळ्या ठेवल्या होत्या. एक उंद्री गावची तरणीताठी कलाबाई, दुसऱ्या म्हाताऱ्या सुभद्राबाई. मला देवी टोचलेल्या होत्या. पण लेक बाळंतपणाला आलेली, घरात बारा दिवसांचं बाळ. हात धुऊन धुऊन सालं निघायची, तरी त्याला उचलायचा धीर होईना. मग त्या खोलीत जाणार कोण? जेवणाचं ताट आमचा शिपाई तुळशीराम बांबूने आत सरकवायचा, आणि मी खिडकीबाहेर नाकाला पदर लावून, आत न डोकावता उभी. घसे सुजलेले, दोघींना बोलणं जड. म्हणून मीच युक्ती काढली. जिचं नाव घेईन तिने पेला खाटेवर वाजवायचा. ठोका आला की मी तक्त्यावर लिहायची, नाडी ठीक. तेव्हाचे साहेब माझे स्वच्छ तक्ते बघून शाबासकी द्यायचे. कशाची हो शाबासकी?

चौथ्या दिवशी सकाळी हाक मारली, "कलाबाई?" ठोका आला. "सुभद्राबाई?" ठोका आला. लिहायला घेतलं आणि हात थांबला. दोन्ही ठोके खिडकीखालच्या खाटेवरून आले होते. कलाबाईची खाट तर पलीकडच्या भिंतीला. पुन्हा तिचं नाव घेतलं. पुन्हा खिडकीखालूनच.

"सुभद्राबाई, काऊन असं करता?"

"कला त कालच गेली, बाई," त्या कशाबशा बोलल्या. "पण सांगतलं असतं त तुमी खिडकीतबी आल्या नसत्या. मले लय भेव लागते."

कालच्या तारखेला कलाबाईची नाडी मी ठीक लिहिली होती.

"मी येते आत," असं त्यांना म्हटलं. कडी काढली, उंबरठ्यापर्यंत गेले आणि परत फिरले. कलाबाईला तुळशीरामने उचललं, मी लांब लिंबाखाली उभी. "आल्या का बाई?" असं सुभद्राबाई विचारत राहिल्या आणि "आले, आले" असं मी बाहेरूनच म्हणत राहिले. त्यानंतर तिसऱ्या दिवशी हाक मारली तेव्हा ठोका आला नाही. माणूस रोगाने जातं, हे मलाही कळतं. पण शेवटच्या दिवसांत त्या बाईच्या अंगाला माणसाचा हात लागला नाही. तो कोणाचा लागायला हवा होता? मला लाज वाटते.

आजच हे का काढलं? परवापासून त्याच खोलीत बनाबाई आहेत, देवीच्याच रोगी. सकाळी तुमची हारतुऱ्यांची गडबड चालू असताना मी मागे गेले. आपली एक सिस्टर खिडकीतून हाक मारत होती आणि आतून पेला वाजत होता. त्या पोरीला मी बोल लावत नाही. तिच्याही घरी लेकरू आहे. आणि युक्ती माझीच, सगळ्यांना शिकवलीही मीच.

आपण शाल दिलीत, नारळ दिलात, चार शब्द चांगले बोललात, आपले फार आभार. बोलण्यात काही वावगं गेलं असेल तर पोटात घाला. चहा मात्र माझ्यासाठी थांबवू नका; मी आधी बनाबाईंची नाडी बघून येते. उंबरठ्यावरून पुन्हा परत फिरू नये म्हणून सोबत कोणी आलं तर बरं होईल. आणि सकाळी त्या दाराला बाहेरून कुलूप दिसलं मला. किल्ली कोणाकडे आहे?