गडग्याचं प्रमेय

—अहो नाही, प्रोफेसरसाहेब, लोक काल व्याख्यानात तुम्हाला हसले नाहीत, मनाला लावून घेऊ नका. बसा या पेटीवर. मुंबईची आगबोट अजून पूर्णगड सोडून पण आली नसेल—दिसली की होडीनं तिच्यापर्यंत नेणारा पडाववाला हाळी देतो. पण काय हो, वाचनालयात दीडशे माणूस! शुद्ध गणिताला तुमच्या युनिव्हर्सिटीत तरी जमतात का एवढे? आठ? त्यातले दोन झोपलेले असणार, माहीत आहे मला. आता चूक झाली ती पाट्या रंगवणाऱ्या धाकूची. त्यानं 'शुद्ध' लिहिलं हातभर आणि 'गणित' कुठं तर फळीच्या कोपऱ्यात, मुंगीएवढं. हल्ली गावात शुद्धीचे सोहळे चालतात ना, परधर्मात गेलेल्याला परत घ्यायचे—लोकांना वाटलं, तसलंच काही असेल. म्हणून तर सखारामभटजींनी उठून विचारलं, गणित आधी कुठल्या धर्मात होतं? आणि तो पोलीस पाहिलात, कोपऱ्यात वही घेऊन बसलेला? काय टिपलं त्यानं, मी डोकावून वाचलं—'वक्ता अनंत नावाच्या इसमाचा वारंवार उल्लेख करतो. इसमाचा ठावठिकाणा लागत नाही.' बरं, सांगूनच टाकतो—'शुद्ध' मोठं काढ असं धाकूला मीच म्हणालो होतो. माणसं नकोत जमायला? पत्रात मी लिहिलं होतं ना, इथली विद्वान मंडळी आपल्या व्याख्यानासाठी आतुर आहेत—ती मंडळी म्हणजे मीच हो, एकटा.

घ्या, आंबापोळी खा, आमच्या बायकोनं, तुळसानं, मुद्दाम बांधून दिलीय. आपल्या एम.ए.च्या वर्गातला तो शुक्रवार आठवतो? पाळीपाळीनं प्रत्येकानं फळ्यापाशी उभं राहून काही सिद्ध करायचं—माझी पाळी होती. मी एक बंद रेषा काढली, वेडीवाकडी, आणि म्हणालो, आतल्या ठिपक्यापासून बाहेरच्या ठिपक्यापर्यंत जायचं तर ही रेषा ओलांडावीच लागेल, हे उघड आहे. आणि मागच्या बाकावरून तुम्ही—होय, तुम्हीच—'का उघड आहे?' मी म्हणालो, अहो, बागेला गडगा घातला की गुरं आत शिरत नाहीत, म्हणून! काय हसलात तुम्ही सगळे! सर तर चष्मा काढून डोळे पुसत होते. हसायचं काय त्यात? पूर्णगडच्या आमच्या बागेचा चिऱ्याचा गडगा बापाबरोबर मी स्वतः रचलाय—आत काय नि बाहेर काय हे मला नाही कळत? पण सिद्ध कर म्हटल्यावर खडू हातात तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी गावची आगबोट धरली. दोन दिवसांत येतो म्हणालो होतो. नऊ वर्षं झाली.

राग? छे, राग कसला! आहे रे, आहे थोडा. मेल्या धोंड्या, एका खोलीत राहत होतो आपण, माझ्या ताटातले बोंबील उचलून खायचास, आणि भर वर्गात मलाच—जाऊ दे. पण तेव्हापासून 'उघड आहे' हे दोन शब्द इथल्या शाळेत माझ्या वर्गात बंद. पोरानं लिहिले की शून्य, मग पुढचं सगळं बरोबर असो. हेडमास्तर चिडतात, चिडू देत.

ही वही बघ. रोज पहाटे, शाळेच्या आधी, नऊ वर्षं. गडग्याचं प्रमेय—विलायतेत सिद्ध केलंय, ठाऊक आहे, पण ते लांबलचक. माझं चोवीस पानांत. व्याख्यान कसलं, याच्यासाठीच बोलावलं तुला. शुक्रवारी तुझ्या पोरांसमोर एकदा वाच. म्हणावं, हरिश्चंद्र मयेकर, रत्नागिरी. आणि म्हणावं, हसा आता.

वाच ना, आहे वेळ. खाणाखुणा नकोत, सरळ सांग. हं—तिसरं पान. उलट की पुढं. थांबलास का? बोट कशाला ठेवलंस तिथं? तिथं काही नाही, तिथं फक्त आतला ठिपका नि बाहेरचा—त्या दोघांच्या मधे तर—

ते दोन शब्द. माझंच अक्षर आहे.

नको, खोडू नका. द्या ती वही इकडे. पडाववाला केव्हाचा हाळी देतोय, ऐकू येत नाही का? निघा, साहेब. आंबापोळी तेवढी न्या—परत नेली तर तुळसा विचारील, काय झालं म्हणून.