दुप्पट नत्र

कोबा : खरं सांग लेंडर्ट, टोमॅटोला खत किती सोडलंस?

लेंडर्ट : नेहमीइतकंच.

कोबा : मग झाडाला धक्का लागला की पांढरी माशी पिठासारखी का उधळते? मघाशी कॉफीवर साय आली म्हणून मी खूश झाले होते, त्या माश्या निघाल्या.

लेंडर्ट : नत्र जरा जास्त पडलं.

कोबा : जरा?

लेंडर्ट : दुप्पट. शेजारी तुझ्या भावाची झाडं काचेतून बघ, कशी गर्द हिरवी आहेत. उद्या सगळं गाव काचघरं बघायला येणार. आपली फिकी दिसली असती.

कोबा : म्हणून पानं कोवळी, रसाळ केलीस आणि माश्यांना जेवणावळ घातलीस.

लेंडर्ट : फवारून टाकू का?

कोबा : टाक. माशीच्या पिल्लांत अंडी घालणाऱ्या आपल्या बारक्या गांधीलमाश्याही मरू देत. मग ‘इथे विष फवारत नाही’ ही तुझ्या वडिलांची पाटी तूच उतरव.

लेंडर्ट : पाटी नाही उतरवणार मी.

कोबा : मग आरीदादाकडे थोड्या गांधीलमाश्या माग.

लेंडर्ट : त्याच्याकडे? जन्मभर ऐकवेल.

कोबा : तो बघ, इकडेच येतोय.

(आरी आत येतो. अंगात पिवळं जाकीट, त्यावर पांढऱ्या माश्यांचा थर.)

आरी : काय जावईबापू, झाडं झकास हिरवी आहेत हो.

लेंडर्ट : तुमच्यासारखी कुठली, मेहुणे.

कोबा : दादा, तुझं जाकीट पिवळं होतं ना?

आरी : आहे की. खाली आहे.

लेंडर्ट : माफ करा, आमच्याच माश्या बसल्या वाटतं.

आरी : छे, या माश्या माझ्याच काचघरातून आणल्यात.

कोबा : म्हणजे तूसुद्धा?

आरी : यांची झाडं काचेतून रोज हिरवी होत चाललेली दिसायची. मीही हात सैल सोडला. थोड्या गांधीलमाश्या उसन्या मिळतील का, विचारायला आलो होतो.

लेंडर्ट : मी तुमच्याकडे तेच मागणार होतो.

कोबा : बसा दोघं. नत्र आजपासून कमी. गांधीलमाश्या मी मागवते, पण त्यांचा गुण यायला वेळ लागेल. उद्या पाहुण्यांना खरं सांगायचं.

आरी : काय म्हणून?

कोबा : एकमेकांच्या काचेत डोकावता डोकावता आम्ही माश्या पाळल्या म्हणून.

लेंडर्ट : गावभर हसं होईल गं.

कोबा : होऊ दे. पाटी तर राहील. घ्या कॉफी.

आरी : कोबे, एकेकच बिस्किट? लगेच डबा बंद?

कोबा : हो. तुम्हा दोघांच्या हाती जास्त आलं की काय होतं, ते बघितलं आज.