गुंडाप्पाची झोळी

न्हाय, तुमीच सांगा आता, माझं काय चुकलं? अख्खं गाव तोंड फिरवून बसलंय, पारावर गेलो की लोक तंबाखूच्या डब्या खिशात घालतेत, आन् का? तर म्हणं व्यंकटरावानं गुंडाप्पाच्या पोरीचं वाटोळं केलं! अवो, म्या कशाला करू वाटोळं? म्या तर त्याला माझी सोताची वाकळ दिली व्हती, पौषातल्या थंडीत, उघड्या माळावर, अंगावरची काढून! देतंय का आजकाल कुणी? तुमाला सांगतो, सगळा घोटाळा त्या झोळीचा. आन् झोळीचं गणित एकच हाय... थंडी वरनं येत न्हाय, थंडी खालनं येती! हे त्या येड्याला तीन राती कळलं न्हाय, आन् चौथ्या राती कळलं ते नको इतकं कळलं.

पैल्यापासनं सांगतो, मधी बोलू नका. गुंडाप्पा म्हंजे तेरच्या अलीकडच्या वस्तीवरचा. तीन एकर ऊस, दोन बैल, बायको चन्नम्मा आन् लग्नाची पोरगी चांगुणा. बहात्तरच्या दुष्काळात आमी दोघांनी एकाच ढिगावर खडी फोडली, तवापासनं वळख. तवा खायला अन्न नव्हतं, आन् ऐंशी उजाडलं तर ह्याच्या रानात ऊस, ह्याच्या तोंडात 'आमचा कारखाना, आमचा सभासद नंबर'... ऐकून ऐकून कान किटले. तर हा आमचा सभासद बुधवारी गाडीत ऊस भरून कारखान्यावर निघाला. आन् आयतवारी सकाळी धाला भूमचे पाव्हणे पोरीला बघायला येणार! पोरगा एसटीत कंडक्टर. कंडक्टर, वो! खाकी कपडे, महिन्याला पगार! आधीची दोन ठिकाणं हुकलेली, पोरगी इशीला टेकलेली, म्हणून चन्नम्मानं गाडीला हात लावून बजावलं, "आवो, कायबी करा, पण आयतवारी दारात बाप पायजे. बापाबिगर पोरगी दावत्यात व्हय?" आन् हा कसा? मिशी पुसत, "अगं, शुक्करवारीच येतो की!"

शुक्करवारी! हंगामात गाडीतळावर दीडशे गाड्या, सगळ्या वजनाच्या काट्याकडं तोंड करून, एकीच्या मागं एक, आन् हा शुक्करवारी येतो!

आता गाडीतळाचा कायदा तुमाला ठावं न्हाय. कारखान्याचा न्हाय, आमा गाडीवानांचाच कायदा. लाइन हालली आन् मालक गाडीपशी जागा नसला तर गाडी लाइनीच्या भाईर, आन् परत उभं ऱ्हायचं ते शेवटाला. शाणी माणसं जोडीनं जातेत, एक गाडीपशी बसतो, दुसरा शेकोटीला. शेकोटी पार कोपऱ्यात, शंभर पावलं लांब, कारण उसापशी इस्तू चालत न्हाय. गुंडाप्पा मात्र एकटा. भावाबरोबर बांधावरनं बोलणं बंद, मग कोण येणार जोडीला? म्हंजे ह्याला शेकोटी न्हाय. गाडीखाली झोपावं तर खाली बैलाचं मूत, शेण, चिखल... वर उसावर झोपावं तर दहिवरानं ऊस भिजून गच्च. मग ह्यानं काय डोस्कं चालवलं? दोन बारदानं शिवली, गाडीखाली पुढनं-मागनं दोरानं बांधली, आन् झोळी करून आत जाऊन पडला. लेकराची झोळी बांधतेत ना गाडीखाली, तशी! चाळीस वर्षाचं लेकरू, मिशीवालं!

पैली रात. वाकळ एकच, ती घेतली वरनं, तोंडावरनं, पार मुटकुळं. गुंडाप्पाच्या लगेच मागल्या गाडीवर बब्रुवान आन् त्याच्या मागं म्या. घंट्याभरानं आवाज याया लागला, कट् कट् कट् कट्... मला वाटलं बैल कडबा खायलाय. बघतो तर ह्याचे दात! बब्रुवान वराडला, "ए गुंडाप्पा, दात आवर की रं, झोप मोडायलीय!" आतनं आवाज, "प-प-पाठ... पाठ न्हाय ऱ्हायली रं, बब्रुवाना..." सकाळी उठला तर पोट गरम आन् पाठ बरफ. कारण सांगितलं ना... थंडी वरनं येत न्हाय, थंडी खालनं येती!

मग सल्ला द्यायला आले पिराजी आण्णा. म्हातारं माणूस, सत्तरीचं, आमच्या मागल्या गाडीवर, खोकून खोकून बोलणार, "आरं, हॅक्... वाकळ खाली घ्यावी लेका, हॅक्... खाली!" आण्णांचा शब्द कसा मोडावा? दुसऱ्या राती वाकळ खाली घातली आन् वर नुसतं धोतर. तर छाती गार पडली ती पडलीच, पाठ बी गारच! का? तर अंगाच्या वज्यानं वाकळ दबली, चिंधी चिंधीला चिकटली, वारा खालनं यायचा तो येतच ऱ्हायला. सकाळी ह्याचं तोंड निळं, बोटं वाकडी, चिलीम धरता येईना. आमी इतके हसलो, इतके हसलो... बब्रुवान तर म्हणला, "गुंडाप्पा, तुला आता काट्यावर मोळीबरुबर टाकतो, वजन तरी वाढंल." गुंडाप्पा बी हसला जरा. काय करणार, सगळ्यांत ऱ्हायचं म्हणल्यावर हसावं लागतंय. लाइन त्या दिवशी पंधरा गाड्या हालली.

तिसरी रात, शुक्करवारची. आता ह्याला कळलं की ऊब खालनं पायजे. कळलं, पण कसं कळलं? शेकोटीवरनं घमेलंभर निखारे चोरून आणले, वर राख टाकली, आन् घमेलं सरकवलं झोळीखाली! उसाच्या गाडीखाली निखारे! कुणी बघितलं असतं तर जित्ता सोडला नसता. आन् तुमाला सांगतो, अर्धा घंटा लई झ्याक गेला म्हणं. पैल्यांदा ह्याच्या तोंडनं "आहाहा" निघालं. मग बारदानाला वास यायला लागला... ह्याला वाटलं, कुणीतरी हुरडा भाजायलाय. हुरडा! आन् एकदम बारदान फाटलं, आन् हा धपकन् घमेल्यात! बसला तो बसलाच, उठता येईना, झोळीची दोन टोकं गळ्याशी आलेली. असा बोंबलला, असा बोंबलला की दीडशे गाड्यांचे बैल उभे ऱ्हायले. बब्रुवानानं बादलीभर पाणी मारलं. थंडीत. पौषात. वरनं खालपतूर. आता माणूस पाठीमागनं भाजलेला आन् पुढनं गारठलेला, सांगा, त्यानं कुठली बाजू रडायची?

हसू नका, वो. म्हंजे हसा, पण जरा दमानं.

शनवारी दिवसभर हा उभाच. बसता येत न्हाय, निजता येत न्हाय, डोळे लाल, तीन राती झोप न्हाय. आन् सांजच्याला मोजलं तर पुढं गाड्या अकरा! अकराच! कारखाना मधी मधी बंद पडायचा, तरी पहाटेला काटा, आठाला घर, धाला पाव्हणे. ह्याच्या डोळ्यात पाणीच आलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटला, "आयतवारी पाव्हणे हायेत, कंडक्टर हाय पोरगा, पोचतो बगा म्या, पोचतो." बैलाला सुद्धा सांगितलं.

आन् तवाच त्याला खरं गणित सुचलं. उभ्या उभ्या सुचलं, बसता येत नव्हतं म्हणून. मला म्हणला, "व्यंकटा, वाकळ अंगाखाली घालायचीच न्हाय! झोळीच्या भाईरनं बांधायची, ढिल्ली, लोंबती, म्हंजे दबत न्हाय. आन् मधल्या जागंत पाचट भरायचं, उसाचं वाळलं पाचट, ठासून न्हाय, सैल. मग वारा आत शिरतोच कसा!" आन् खरं सांगतो, डोकं चाललं व्हतं गड्याचं. पण वाकळ एक, आन् पायजेत तीन-चार. मग तोंड बारीक करून बसला... म्हंजे उभा ऱ्हायला.

आता इथनं नीट ऐका, कारण इथनंच लोक मला नावं ठिवतेत. बब्रुवानानं माझ्याकडं बघितलं. म्या पिराजी आण्णाकडं बघितलं. आण्णा खोकले. बास, एवढंच! कट न्हाय, काय न्हाय, आईची आण! बब्रुवान उठला, म्हणला, "गुंडाप्पा, घे, माझी वाकळ घे." म्या म्हणलं, "माझी बी घे." आण्णा म्हणले, "हॅक्... माझी पण घे, पोरा." सोताच्या हातानं बांधल्या आमी. नवी झोळी, खाली तीन वाकळा, मधी पाचट, वरनं त्याची सोताची. लेकाला पालथा निजवला, भाजलेलं वर. पायाला बारदान गुंडाळलं. आन् गुंडाप्पा हात जोडून म्हणतो, "तुमचं हे उपकार कवा फेडू? पण मला उठवा रं, लाइन हालली की उठवा." बब्रुवान म्हणला, "झोप बिनघोर. आमी हाव की."

आन् काय झोपला, वो! तीन राती दात वाजवणारा माणूस, पाच मिंटात घोरायला लागला. पैल्यांदा खालनं ऊब मिळाली. लहान लेकरावाणी तोंड उघडं, गालावर लाळ. म्या सोता वाकून बघितलं, बरं वाटलं मला. खरंच बरं वाटलं.

पहाटं लाइन हालली. म्या हाक मारली की! कोण म्हणतंय मारली न्हाय? "गुंडाप्पा..." अशी मारली. आता इतक्या दिवसांनी झोपलेल्या माणसाच्या कानात वराडतेत का? बब्रुवानानं बी मारली, ती आणखी हळू. उठला न्हाय. मग कायदा तो कायदा! चौघांनी दांडी धरली आन् गाडी बाजूला ओढली, गुंडाप्पासकट. गाडी हालायली तशी झोळी हालायली, आन् हा आणखीच गाढ! कुणीतरी मागनं अंगाई म्हणलं. म्या न्हाय म्हणलं. म्या नुसता हसलो.

आता थंडीत आमी काय वाकळेबिगर जायचं व्हय? जाताना बब्रुवानानं आपली सोडून घेतली. गुंडाप्पा जरासा हालला. आण्णांनी आपली घेतली. ह्यानं पाय पोटात घेतले. म्या शेवटची घेतली... माझ्या वाकळंबरुबर पाचट बी गळून खाली पडलं. त्या वक्ताला ह्याच्या तोंडनं आवाज आला, कट् कट् कट्, पण झोपेतच. थंडी वरनं येत न्हाय, थंडी खालनं येती. म्या गाडीवर चढलो आन् बैल हाकले.

किती फायदा झाला म्हणता? एका गाडीचा. एका गाडीला काट्यावर किती येळ लागतो? पाव घंटा. पाव घंटा वाचला आमचा. आता तुमी तोंड असं करू नका, हंगामात पाव घंटा काय कमी असतो व्हय?

तर ऊस मापून म्या घरला निघालो, रिकामी गाडी, ऊन पडलेलं. आमच्या गावाचा रस्ता गुंडाप्पाच्या दारावरनंच जातो, त्याला म्या काय करू? म्हणलं बैलाला पाणी दावावं. तर ओसरीवर पाव्हणे बसलेले, पाच जण, पोह्याच्या बश्या हातात, कंडक्टर पोरगा मधी, केसाला तेल. दाराच्या आडनं चांगुणा रस्त्याकडं बघायलेली, नवं लुगडं. पोराच्या चुलत्यानं मला हटकलं, "काय वो गाडीवान, पोरीचा बाप तिकडंच हाय म्हणं. दिसला का?"

आता सांगा! खोटं बोलू? इमानाचा माणूस म्या. म्हणलं, "दिसला की. झोपलाय."

"झोपलाय?"

"व्हय. गाडीखाली, झोळीत. घोरायलाय."

"आरं, आज पोरीला बघायचं हाय न्हवं? उठवायचं न्हाय का त्याला?"

म्हणलं, "हाका मारल्या, उठला न्हाय."

चुलत्यानं बशी खाली ठिवली. म्हणला, "पितो-बितो काय?"

म्हणलं, "म्या न्हाय बाबा बघितला कदी. रातचं कोण काय करतंय, आपण कसं सांगावं?"

खोटं बोललो का एक तरी शब्द? न्हाय ना? आन् पाव्हणे उठले. पोहे अर्धे तसेच. कंडक्टर पोरानं जाताना एकदा दाराकडं बघितलं, तर दार लागलेलं.

मग चन्नम्मा भाईर आली. म्या म्हणलं, आता ही शिव्या देणार, सात पिढ्या काढणार, बैलाचा कासरा हातातच धरला. तर ती माझ्याजवळ आली, आन् म्हणती, "भावजी, ते गारठले तर न्हाईत ना? एकच वाकळ न्हेलीया त्यांनी."

माझी वाकळ माझ्या खांद्यावर. म्हणलं, "न्हाय वयनी. लई ऊब हाय त्याला."

ती आत गेली आन् नवी वाकळ घेऊन आली. चांगुणाच्या रुखवतासाठी शिवलेली, जुन्या लुगड्यांची, बारीक टाक्याची. म्हणली, "तुमी परत जाल तवा त्यास्नी द्या. तिला आता काय घाई न्हाय."

घेतली. न्हाय कसं म्हणणार? पण माझी दुसरी खेप लागली आठ दिसांनी, तवर गुंडाप्पा कवाच घरी आलेला. आता वाकळ परत द्यायची तर त्या दारात जावं लागतंय, आन् त्या दारात कुठल्या तोंडानं जाऊ? म्हणून मग म्याच पांघरतो. लई मऊ हाय, वो.