दार उघडं ठेवा

…नाही, दार लावू नका, असू द्या तसंच. वाऱ्यासाठी नाही हो, मला आता लावलेलं दार बघवतच नाही, आणि त्याला कारण माझ्या सासूबाई. तुम्हाला सांगतो, आमच्या घरात हल्ली एक दार लागत नाही!

आता माझं काम काय, तर हॉस्पिटलात ते बोगद्यासारखं तपासणीचं यंत्र असतं ना, माणसाला आडवं घालून आत सरकवतात ते, त्याला गार ठेवणारा हेलियमचा कंप्रेसर मी सांभाळतो. खोली एवढीशी, खिडकी नाही, एकच दार. वीज बंद करायची, आतला दाब हळूहळू उतरवायचा, जुना फिल्टर काढून नवा बसवायचा, आणि मग खरी गंमत… आत शिरलेली हवा घालवायची. ती राहिली तर पुढे गार टोकाला गोठून बसते आणि यंत्र कुथायला लागतं. म्हणून हेलियम भरा, सोडा, परत भरा, परत सोडा. बघणाऱ्याला वाटतं, ह्याला काही काम नाही. सोडायची नळी दारातून बाहेर उघड्या गॅलरीत नेलेली असते, कारण हा गॅस महालबाड. रंग नाही, वास नाही, श्वासाची हवा गुपचूप बाहेर ढकलतो आणि स्वतः ऐसपैस बसतो, राहायला आलेल्या पाहुण्यासारखा. म्हणून मी ओरडत असतो, दार उघडं ठेवा.

त्या दिवशी गॅलरीतल्या बाकावर सासूबाई. बायको गेल्यापासून आम्ही दोघंच घरात. तिच्या हयातीत आमचं भांडण एकच, मी दारं उघडी टाकतो आणि ह्या लावत फिरतात, निकाल ती द्यायची. आता निकालच लागत नाही. तर सासूबाईंना सारखी चक्कर येते, किती मिनतवाऱ्या केल्या तेव्हा डोक्याच्या तपासणीला तयार झाल्या, आणि वर बजावलेलं, ‘‘आज परत पाठवलंत तर पुन्हा ह्या पायरीवर पाय ठेवणार नाही, जावईबापू.’’ आणि यंत्र कशासाठी अडलेलं? माझ्या कंप्रेसरसाठी!

मी घाम गाळत भरतोय, सोडतोय, तोच आमचे साहेब. साहेब म्हणजे कसे, नाकातून बोलणार… ‘‘केवढा हा फुसफुसाट, पेशंट घाबरतात.’’ पायानं नळी आत सरकवली आणि दार ओढून घेतलं. मी झडप बंद केली, दार उघडलं, म्हटलं साहेब, हेलियम आहे. तर हसतात. ‘‘आवाज बारीक होतो ना हो त्यानं?’’ म्हटलं, होतो, आणि नंतर होतच नाही. दार उघडं ठेवा.

साहेब गेले, नळी बाहेर टाकली, पुन्हा काम सुरू, पुन्हा साहेब, पुन्हा दाराला हात. तेवढ्यात सासूबाईंनी मला हळूच विचारलं, दार लावलं तर काय होतं? मी घाईत, हातात पाना, तोंडातून निघून गेलं, ‘‘गॅस दिसत नाही आई, पण झोप लागते, उठता येत नाही.’’

बाईंनी कुठली तरी खुर्ची फरफटत आणली, बरोबर उंबऱ्यात मांडली आणि पदर खोचून बसल्या. साहेब म्हणाले, आजी, जरा बाजूला व्हा.

‘‘एक माणूस गेलं आमच्या घरातलं,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘दार उघडं राहील.’’

साहेबांनी दारावरचा हात काढला. उशीर होत होता, एखादी फेरी गाळावी असं मनात आलं, खोटं का बोलू, पण बाई अशा रोखून बघत होत्या की मी भरायचं-सोडायचं सगळं यथासांग केलं, सांध्यांना साबणाचा फेस लावून गळती बघितली, मगच बटण दाबलं. यंत्र चाललं. तपासणी झाली. डोकं ठणठणीत आहे.

तेच तर दुखणं आहे ना! घरी आल्यापासून सगळी दारं सताड. डास आले, शेजाऱ्यांचं मांजर आलं, परवा ते शेजारीही विचारायला आले, काय झालं म्हणून. शेवटी मी हात जोडले, म्हटलं, आई, आपल्या घरात हेलियम नाहीये हो.

तर शांतपणे म्हणतात, ‘‘दिसत नाही म्हणालात ना? मग कशावरून?’’

मी हल्ली मच्छरदाणीत जेवतो.