धाकटा सेटल, थोरला घरी

न्हाय, मला एक सांगा, सेटल व्हायला मानसानं पुण्यालाच का जावं लागतंय? सोलापुरात काय जमीन हलतीया का? चार वर्सं झाली, तुमाला सांगतो, चार वर्सं मी ह्यो एकच शब्द ऐकतोय! आमची आई, अंबुबाई. निम्मा जलम मेंढरामागं गेला, शाळेचं तोंड बघितलं न्हाय, डॉक्टरला डागदर म्हंती, रिक्षाला रिश्का म्हंती... पन 'सेटल'? आहाहा! कलेक्टरच्या बायकोनं म्हनावं असं म्हंती!

परवा मोहोळला लग्नात एका पाव्हनीनं इचारलं, "पोरं काय करत्यात वो तुमची?" झालं! आईनं पदर सावरला, मान ताठ केली, "धाकटा बिरुदेव पुन्याला सेटल झाला!" "आन थोरला?" मी शेजारीच बसलेलो, जिलबी हातात... "थोरला? थोरला हाय की घरी."

हाय की घरी! म्हंजे मी काय रांजन हाय? अवो, मी जोतिराम, बावीस वर्सं सीट कव्हरचं दुकान हाय माजं! रिक्षा म्हनू नका, मोटारसायकल म्हनू नका, निम्मं सोलापूर मी शिवलेल्या सीटवर बसून फिरतंय. सवताचं दोन खोल्यांचं घर, बायको, पोरगी कॉलेजात. आन बिऱ्याचं काय? अकराव्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट, लिफ्ट बंद पडली की खाली यायची चोरी! दर दोन वर्साला घर बदलतोय, नोकरी बदलतोय, तरी सेटल कोन? बिऱ्या! आन जोत्या? हाय की घरी!

जळतोय व्हय मी? व्हय, जळतोय! सख्खा भाऊ हाय म्हनून जळतोय, परक्यावर कशाला जळू?

शेवटी पोरगी दुकानात आली तवा तिला म्हनलं, राजनंदिनी, तू इंग्रजी घेऊन बीए करतीस न्हवं, बघ बाई ह्या शब्दाचं मूळ काय हाय ते. तिनं मोबाइलवर बोट फिरवलं, "पप्पा, ऐका. जुन्या इंग्रजीत ह्याचा अर्थ होता बसायची जागा. म्हणजे सीट! अजूनही पाठ असलेल्या लाकडी बाकाला सेटल म्हणतात. त्यावरून क्रियापद आलं, जागेवर बसवणं. मग गाळ खाली बसणं, भांडण मिटणं, एका गावात वस्ती करून राहणं..."

थांब म्हनलं! सीट? काय म्हनलीस, सीट? अवो, अंगावर काटा आला माज्या! बावीस वर्सं मी दुसरं काय करतोय? ताडकन उठलो, दुकानातनं घरी, आईम्होरं उभा. "आई, सेटल म्हंजे सीट! इंग्रजीतच लिवलंय!" आई लसूण सोलत होती. वर बी बघितलं न्हाय. म्हनली, "इंग्रजीला काय कळतंय?"

आता बोला!

त्याच आठवड्यात बिऱ्याचा फोन, "आई, महिनाभर राहायला ये." आईची काय ती गडबड! शेंगाचटणी कुटली, वरची लालभडक डब्यात भरली पुन्याला, आन खलबत्त्याला चिकटलेली मला. एसटीत बसवून आलो, जीवाला लई लागलं, खोटं कशाला बोलू? वाटलं, आता ही काय परत येत न्हाय. सेटल लेकाकडं गेली म्हातारी.

आन चौथ्या दिवशी दारात आई! पिशवीसकट! माज्या तर पायाला भुई लागंना. आली का न्हाय थोरल्याकडं! बायकोला म्हनलं, टाक चहा, आलं जास्त टाक. आईला खाटंवर बसवलं, शेजारी बसलो, गोड आवाजात इचारलं, "काय गं, करमलं न्हाय व्हय माज्याबिगर?"

"तसं न्हाय रं," आई म्हनली. "ती दोगं नवरा-बायकू दिसभर कंप्युटरम्होरं. मी खोकले तरी दचकत्यात. मग मीच म्हनलं, नगं बाबा. लेकरू एवढं सेटल झालंय, कशाला आपली अडचन!"

"आन माज्यात? माज्यात तुजी अडचन न्हाय व्हय?"

आई हसली. "तुज्यात कसली अडचन रं? सरक तिकडं, पाय पसरू दे."

सरकलो... काय करता!