मागं वळल्यावर उघडणारा दरवाजा

नाही, थांबा — गेममधल्या त्या दरवाजापुढचं कपाट डावीकडं सरकलं की उजवीकडं, हे मला आता खात्रीनं सांगता यायचं नाही. डावीकडंच असावं. पण माझ्यावर विसंबू नका. उभा जन्म कॉलेजात फिजिक्स शिकवलं, मोजमापात चूक किती धरायची ते पोरांना शिकवलं, आणि आता स्वतःच्या आठवणीत किती धरायची तेच कळत नाही. बसा ना. खोली आवडली ना? रांजणगावच्या कंपनीची बस कोपऱ्यावरच थांबते. हा कॉम्प्युटर सत्यजीतचा, माझ्या मुलाचा. तो बेंगळुरूला असतो, खोलीची जाहिरात त्यानंच टाकली. कॉम्प्युटर मात्र इथंच राहील — तुम्ही विचारलंत यावर काय चालतं, म्हणून हे गेमचं निघालं.

तर काळोखं शहर, सतत धुकं, लांब कोटातला एक गुप्तहेर, आणि त्याच्या मागं साऱ्या शहराचे मारेकरी. सत्यजीत तेव्हा नोकरी शोधत होता, दिवसभर हाच गेम. मी शेजारी खुर्ची टाकून बसायचो — ही गेल्यानंतरचे दिवस ते, घरात बोलणार कुणाशी? तो गुप्तहेर मागच्या दारानं पुलावर पळायचा आणि तिथं मरायचा. दर वेळी. टोपी पाण्यावर तरंगायची, गेम संपायचा. शेवटच तो आहे, सत्यजीत म्हणायचा, बाबा, याला दुसरा शेवट नाही. एका दुपारी तो मुलाखतीला सणसवाडीला गेला, गेम तसाच थांबवून. पुलाच्या आधी एका म्हाताऱ्या वॉचमनची खोली लागते — तो जखमेला पट्टी बांधतो, चहा देतो, म्हणतो, पळ, ते आले. मी कळ दाबली आणि उंबऱ्यापर्यंत गेलो. आणि मला ते बरं वाटेना. कुणाच्या घरचा चहा पिऊन असं न बोलता निघतात का? आमच्यात उठताना जय भीम घालतात, येतो म्हणतात. फिरलो मागं. हातात पिस्तूल होतं — पिस्तूल धरून कुणी जय भीम घालतं का? ते खिशात घालायची कळ शोधली, म्हाताऱ्यासमोर उभा राहिलो आणि बोलायची कळ दाबली. तोंडानंही म्हणालो, हसू नका. तर म्हातारा उठला, कपाट सरकवलं, मागं दरवाजा. खाली भुयार. भुयार पुलाखाली निघालं, तिथं तोच म्हातारा कंदील घेऊन उभा. दोघं धुक्यातनं चालत गेले, बोलत बोलत, आणि गेम बनवणाऱ्यांची नावं यायला लागली. कुणी मेलं नाही.

ते सेव्ह करायचं असतं, हे मला कुठं ठाऊक? नावं संपली आणि गेम पहिल्यापासून सुरू झाला. सत्यजीत आला, मी सांगितलं. त्यानं दोनदा करून बघितलं — गेला, वळला, कळ दाबली, म्हातारा ढिम्म. पिस्तुलाचं मी सांगितलं होतं का? तेच आठवत नाही. सांगितलं नसावं. मग त्यानं नेटवर शोधलं, जगात कुणालाच असा दरवाजा माहीत नव्हता. मला म्हणाला, बाबा, तुम्हाला डुलकी लागली असणार. मलाही वाटलं, लागली असेल. सगळं जग एका बाजूला आणि मी एकटा दुसऱ्या, तर चूक कुणाची धराल? माझीच ना?

पुढं विसरायला लागलो, ते मी नाकारत नाही. बारामतीच्या गाडीत बसलो आणि दौंडला उतरायचं राहून गेलं. एकदा गॅस तसाच. सत्यजीत पुण्याला डॉक्टरांकडं घेऊन गेला. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, त्या दरवाजापासून. म्हणजे बघा, आयुष्यात मी एकच गोष्ट स्वतः शोधून काढली — पीएचडी होती, पण तिच्यात शोधलेलं असं काही नव्हतं — आणि तीच माझ्या आजाराची सुरुवात ठरली. तेव्हापासून मी काहीही सांगितलं की तो फोनवर विषय बदलतो. तुम्हालाही त्यानं सांगितलंय ना, बाबांवर लक्ष ठेवा म्हणून? भाडं इतकं कमी का, ते मला कळतं. खाली बघू नका, तुमचा काय दोष. ठेवा लक्ष. फक्त मी काही सांगितलं तर आधी खरं धरा, मग तपासा. एवढी एकच अट. जमत नसेल तर खोली द्यायची नाही मला, त्याला काय सांगायचं ते मी बघतो. बरं, निघा आता, तुमची बस चुकेल.

काय राहिलं? चावी? — नाही? नुसतं येतो म्हणायला वळलात?

बरं. मग ऐकून जा. हे त्याला कळवू नका, मला माहीत आहे हे त्याला माहीत नाही. मागच्या वर्षी फोनवर त्या गेमचं नाव घालून शोधलं. परदेशातल्या कुणीतरी व्हिडिओ टाकलाय, बराच जुना आहे, पण डॉक्टरांकडं जाऊन आल्यानंतरचा — पिस्तूल खिशात घालायचं, उंबऱ्यातून वळायचं, म्हाताऱ्याशी बोलायचं. कपाट सरकतं. डावीकडं सरकतं. खाली लोकांनी लिहिलेलं आहे, त्यात एक नाव आहे घोडनदी सत्या — घोडनदी म्हणजे हे आपलं गाव. हा कॉम्प्युटर चालू केला की अजून तेच नाव येतं. त्यानं इंग्रजीत लिहिलंय, हा दरवाजा तुमच्या कितीतरी आधी माझ्या वडिलांना सापडला होता, ते जय भीम घालायला मागं फिरले होते.