रंगीच्या गळ्यातली गाठ

माझं माहेर तापीकाठचं, सासर शहाद्याच्या पलीकडे, आणि आता तीस-पस्तीस वर्षं झाली मी इथे लोणखेड्याला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करते, मला सगळ्या इंदूमावशीच म्हणतात. तुम्ही शाळेतल्या मराठीत विचारता म्हणून मीही तसं बोलायला बघते ताई, पण मध्येच आमची अहिराणी येईल, ती तुम्ही समजून घ्या. तुम्ही मांजराचं विचारलं, पण मांजराचं सांगायचं तर आधी माझं सांगावं लागतं, कारण ते दुखणं आधी मला झालं होतं.

लग्न झालं तेव्हा मी अठराची, अंगानं भरलेली, पाण्याचे दोन हंडे डोक्यावर घेऊन चालायची. दुसऱ्या वर्षी काय झालं कोण जाणे, भूक लागायची, अशी भूक की सगळ्यांचं जेवण झाल्यावर चुलीपाशी बसून मी अजून दोन भाकरी खायची, आणि अंगाची मात्र काडी झाली, बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. थंडीतही घाम यायचा, हात थरथरायचे, छाती अशी धडधडायची की निजल्यावर खाटेला कळावं. आणि राग, ताई, उगाच राग यायचा. सासू म्हणायची, खाय खाय करस ना आंगले काहीच लागत नही, कोनले खावाडस वं तू? म्हणजे कोणाला भरवतेस. मग तिनं भाकरीचं टोपलं वर खुंटीला टांगलं. मग भगताकडे नेलं, त्यानं मिरचीची धुरी दिली, म्हणे हिले बाहेरनं शे, भूत लागलंय. नवरा दारात उभा राहून बघत होता. तो वाईट नव्हता, पण त्यानं आईला अडवलं नाही.

शेवटी मला बैलगाडीत बसवून माहेरी धाडलं. माझा बाप शिकलेला नव्हता, पण त्यानं माझ्या गळ्याकडे बघितलं, फुगलेला होता इथे, बोट लावलं आणि म्हणाला, पोरी, हाई भूत नही, हाई गाठ शे. धुळ्याला नेलं. तिथे डॉक्टर म्हणाले थायरॉईड जास्त चालतंय, गोळ्या दिल्या, मग गाठ काढली, ही बघा खूण. सहा महिन्यांत मी पहिल्यासारखी झाले. तोवर तिकडे नवऱ्याचं दुसरं लग्न लावून झालं होतं. बाप म्हणाला भांडू का, मी म्हटलं नको. मग इथे कामाला लागले ती लागलेच.

मूलबाळ नाही. रंगी तेवढी होती. तिची आई कोठीघरात उंदरांसाठी ठेवलेली, तिची चार पिल्लं, त्यातलं हे एक राहिलं, तीन रंगांचं म्हणून रंगी. चौदा वर्षं माझ्या खोलीत राहिली. शांत मांजर, मुलींच्या मांडीवरही जायची नाही, माझ्या पायाशी बसायची, मी भाजी निवडत असले की नुसती बघत बसायची. पोरी आल्या, शिकल्या, गेल्या, लग्नाच्या पत्रिका पाठवायच्या, रंगी तशीच.

मग मागच्याच्या मागच्या उन्हाळ्यात ती बदलली. सकाळी दूध प्यायची, लगेच पुन्हा मागायची. पोळीचा तुकडा जिने कधी हुंगला नाही ती पातेल्यात तोंड घालू लागली. दिवसभर ओरडायची, आवाजही बदलला, घोगरा झाला. म्हाताऱ्या मांजराला कोणी उड्या मारताना बघितलंय का, ही ओट्यावर चढायची, उतरायची, परत चढायची, एका जागी बसणं नाही. मला वाटलं बरं झालं, म्हातारपणी तरतरी आली. मुली म्हणायच्या मावशी, रंगी जवान झाली. केस मात्र राठ झालेले, गुच्छ गळायचे, खाल्लेलं ओकायची, आणि पाठीचा कणा हाताला लागायचा. मी म्हटलं वय आहे, जंत असतील. जंताचं औषध दिलं. काही फरक नाही.

आता हे सांगायला जीभ उचलत नाही, पण सांगते. एके दिवशी तिनं मुलींच्या आमटीत तोंड घातलं, पन्नास पोरींची आमटी ओतावी लागली. मी चिडले. तिच्या पाठीत फटका मारला आणि म्हटलं, कितलं खास वं, खाय खाय करस ना आंगले काहीच लागत नही. आणि दूध उचलून वरच्या फळीवर ठेवलं, तिला बाहेर घालवून दार लावलं. असं चार-पाच महिने चाललं होतं, ताई, एक दिवस नाही. दार लावायचं, बाहेरून तिनं ओरडायचं.

एकदा तिला बाहेर टाकायला उचललं, एक हात छातीखाली, एक गळ्याशी. हातात ते काळीज इतकं जोरात पळत होतं की मोजता येईना. बोटाखाली गळ्याजवळ काहीतरी सरकलं, चवळीच्या दाण्याएवढं. मी तिथेच उंबऱ्यावर बसले. मला एकदम कळलं हे काय आहे, आणि मी इतके दिवस काय बोलत होते तेही कळलं. सासूचेच शब्द, तोच सूर. रंगी माझ्या मांडीत तोंड उघडं ठेवून धापा टाकत होती आणि मी रडत होते, भाजीवाला आला तो तसाच परत गेला.

पिशवीत घालून तिला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथे सगळे बैल, शेळ्या घेऊन आलेले, मी मांजर घेऊन. एक जण म्हणाला, मावशी, मांजरले बी दवाखाना का? डॉक्टर मॅडम नव्या होत्या, तरुण. मी म्हटलं मॅडम, हिला थायरॉईड आहे, माझ्यासारखं. त्या हसल्या नाहीत. माझ्या गळ्याची खूण बघितली, मग रंगीचा गळा चाचपला, नळी लावून बराच वेळ ऐकत राहिल्या. म्हणाल्या, मावशी, हे मी पुस्तकात वाचलंय, म्हाताऱ्या मांजरांना होतं, पण इथे माझ्याकडे कोणी आणलं नाही. लोकांना वाटतं खातंय म्हणजे चांगलं आहे. रक्त काढून सुरतेला पाठवलं. उत्तर आलं, तेच.

मी म्हटलं माझ्याकडे गोळ्या आहेत, देऊ का. त्यांनी माझा हातच धरला. माझी गोळी उलटी ना, गाठ काढल्यावर मला कमी पडतं म्हणून ती रोज घेते, तीच हिला दिली असती तर दुखणं अजून वाढवलं असतं. त्यांनी हिची वेगळी लिहून दिली, सकाळ-संध्याकाळ, बारीक डोस, आणि सांगितलं चुरायची नाही, हात धुवायचे, एकही वेळ चुकवायची नाही. दर आठवड्याला वजन करा म्हणाल्या. आमच्या किराणावाल्याच्या काट्यावर पिशवीत घालून करायची, तो म्हणायचा, आज मांजर कितली भरनी? सुक्या बोंबलाच्या तुकड्यात गोळी लपवायची, तर ही बोंबील खाऊन गोळी तेवढी बाजूला ठेवायची. मग तोंड उघडून जिभेच्या मागे ठेवायला शिकले.

महिन्यात फरक पडला. ओरडणं थांबलं, काळीज हळू झालं, अंगावर मांस आलं, परत पायाशी येऊन बसली. तो हिवाळा चांगला गेला. त्या दिवसांचं मला फार बरं वाटतं.

मग पाणी प्यायला लागली. वाटीवर वाटी. मॅडमनी परत रक्त बघितलं आणि खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसल्या, तेव्हाच समजलं. म्हणाल्या, मावशी, किडनी थकल्यात. काळीज जोरात पळत होतं तोवर किडनीलाही रक्त जास्त मिळत होतं, म्हणून कळलं नाही, आता ते शांत झालं तर खरं उघडं पडलं. गोळी कमी केली तर किडनीला बरं, पण ते जुनं दुखणं वर येतं. दोन्हीच्या मधे जेवढं चालेल तेवढं चालवू. चालवलं. गोळी थोडी कमी केली, कातडीखाली सलाईन द्यायला त्यांनी मला शिकवलं, माझे हात थरथरत नव्हते. पाच महिने चाललं.

शेवटचे तीन दिवस तिनं काही खाल्लं नाही. मी दुधाची वाटी, बोंबील, तूप, सगळं तिच्यापुढे मांडलं, तिनं तोंड फिरवलं. मॅडम सुट्टीच्या दिवशी खोलीवर आल्या, म्हणाल्या, आता त्रास नको द्यायला. मी हो म्हटलं. दुपारची वेळ, मुली कॉलेजात. त्यांनी सुई दिली, मी डोकं धरलं होतं. मागे शेवग्याखाली पुरली.

मी मॅडमना विचारलं, ते चार-पाच महिने आधी आणलं असतं तर? त्या म्हणाल्या, किडनी तशाही थकल्या असत्या, मावशी. मला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या की खरंच, ते मला माहीत नाही. किती जगली ते एक वेळ सोडा. पण ते भुकेले दिवस दाराबाहेर गेले तिचे, ते कुठून परत आणू.

सासू वारली मागे. मी गेले नव्हते. माफ केलं असं नाही म्हणत, टोपलं टांगायची काय गरज होती. पण आता एवढं कळतं की तिलाही कळत नव्हतं. माझ्यासमोर तर माझंच दुखणं होतं, तरी मला कळलं नाही.

मुली म्हणतात मावशी, दुसरं पिल्लू आणून देतो. मी नाही म्हणते. मांजर पंधरा वर्षं जगतं, मी तेवढी थोडीच राहणार, म्हातारपणी त्याला गोळी कोण देणार. गल्लीतल्या येतात, त्यांना घालते, जाताना पाठीवरून हात फिरवते, कणा लागतो का बघते. तुमच्या घरी आहे का मांजर? असेल तर तुम्हीही बघत जा. सुखी राहा ताई. वरण झालंय, दोन घास खाऊन जा.